थंडीत झोपलेलं यीस्ट

माझा एक मित्र अमेरिकेत, मिनेसोटात राहतो. तिथे घरच्या घरी बिअर करणं कायद्यानं चालतं आणि हा गृहस्थ ते मनापासून करतो. गेल्या हिवाळ्यात त्यानं वीस लिटर लागर जातीची बिअर केली, ती आंबून झाल्यावर शून्य अंशाच्या आसपास फ्रिजमध्ये ठेवली आणि मग नोकरीच्या व्यापात तिच्याकडे चार महिने बघितलंच नाही. बाहेर काढली तेव्हा बिअर अगदी काचेसारखी नितळ झाली होती. सगळा साका तळाशी बसला होता. आता ती बाटल्यांत भरायची, बाटलीत थोडी साखर घालायची, म्हणजे बाटलीत उरलेलं यीस्ट ती साखर खाऊन वायू तयार करेल आणि बिअर फसफसेल, हा नेहमीचा रिवाज. पण इतक्या नितळ बिअरमध्ये यीस्ट शिल्लक तरी असेल का? आणि असलं तर चार महिने गारठून ते मेलं असेल की जिवंत असेल? हे त्यानं मला फोनवर विचारलं.

मला का विचारलं, हे कोडंच आहे. मी आयुष्यात कधी बिअर केलेली नाही, आणि महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ च्या कृपेनं महाराष्ट्रात परवान्याशिवाय कुणाला करताही येत नाही. पण मला जुन्या गोष्टी उकरायची खोड आहे हे त्याला ठाऊक. त्याच्या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत मिळालं. त्या प्रश्नाचा इतिहास मात्र मला पुढे तीन आठवडे पुरला.

आपल्या स्वयंपाकघरातलं उदाहरण घेऊ. डोशाचं पीठ वाटून रात्री ओट्यावर ठेवलं की मे महिन्यात सकाळी पातेल्याबाहेर येतं, आणि डिसेंबरात पुण्यात ते ढिम्म हलत नाही. मग आई ते पातेलं घोंगडीत गुंडाळून ठेवायची. फुगलेलं पीठ फ्रिजमध्ये टाकलं की जिथल्या तिथे थांबतं, आणि दोन दिवसांनी बाहेर काढून ठेवलं की पुन्हा हळूहळू बुडबुडे धरतं. (डोशाच्या पिठात हे काम मुख्यतः जिवाणू करतात, बिअरमध्ये यीस्ट करतं, पण थंडीचा कायदा दोघांना सारखाच.) थांबलेलं पीठ आणि आंबून संपलेलं पीठ यांतला फरक आपल्या घरातल्या बायकांना वासावरून कळतो. युरोपातल्या दारू गाळणाऱ्यांना तो कळायला काही शतकं लागली, आणि त्या अज्ञानाची किंमत काही माणसांनी डोळे देऊन चुकवली.

बाटलीतल्या बिअरची पहिली गोष्ट म्हणून इंग्रज लोक एक किस्सा सांगतात. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचे डीन अलेक्झांडर नॉवेल यांना मासेमारीचा नाद होता. एकदा गळ घेऊन गेले असता एलची बाटली त्यांनी गवतात ठेवली आणि तिथेच विसरले. काही दिवसांनी सापडली तेव्हा बूच काढताच बंदुकीसारखा आवाज झाला. हे थॉमस फुलरनं इंग्लंडमधल्या थोरामोठ्यांवरच्या त्याच्या पुस्तकात लिहून ठेवलं. पुस्तक छापलं गेलं १६६२ मध्ये आणि नॉवेल वारले १६०२ मध्ये, तेव्हा ही साठ वर्षं तोंडोतोंडी फिरलेली कथा आहे. 'बाटलीतल्या बिअरचा शोध नॉवेलनं लावला' वगैरे म्हणण्यात फारसा अर्थ नाही. पण त्या बाटलीत काय झालं असेल हे आज सहज सांगता येतं. बिअर बाटलीत भरली तेव्हा तिच्यात थोडी साखर आणि थोडं यीस्ट उरलं होतं. बूच घट्ट होतं. त्यामुळे वायूला जायला वाट राहिली नाही.

योगायोग बघा, त्याच १६६२ सालच्या डिसेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ख्रिस्तोफर मेरेट नावाच्या वैद्यानं वाइनच्या व्यापारावर एक निबंध वाचला. त्यात त्यानं नोंदवलंय की वाइनचे व्यापारी ती चुरचुरीत व्हावी म्हणून तिच्यात साखर आणि काकवी घालतात. म्हणजे माझा मित्र चमच्यानं मोजून जे करतो तेच. ते लंडनमध्ये आधी जमलं याला कारण तिथली काच. राजानं १६१५ मध्ये काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली (जहाजांसाठी लाकूड हवं होतं), म्हणून भट्ट्या दगडी कोळशावर आल्या, आच वाढली आणि बाटल्या जाड, काळपट, मजबूत निघू लागल्या. आतला दाब सोसणारी बाटली नसेल तर साखर घालून उपयोग काय!

फ्रान्सच्या शांपेन प्रांतात मात्र हाच वायू म्हणजे शाप मानला जात होता. हा प्रांत उत्तरेकडचा, थंड. द्राक्षं उशिरा पिकतात, रस पिंपांत आंबायला लागतो न लागतो तोच हिवाळा येऊन धडकतो. गारठ्यानं यीस्ट गपगार होतं. वाइन शांत, नितळ दिसते. लोकांना वाटायचं झालं काम. वसंतात तळघरं जरा ऊबदार झाली की तीच वाइन पुन्हा फसफसायला लागायची. पिंपात असली तर बिघडायची, बाटलीत असली तर बाटली फोडायची. डोम पेरिन्योन हा ओव्हिलेरच्या मठाचा कोठारी १६६८ पासून १७१५ मध्ये मरेपर्यंत त्या पदावर होता. त्यानं शांपेनचा शोध लावला अशी दंतकथा आहे, पण खरं तर तो बुडबुडे घालवण्याच्या खटपटीत होता. चांदण्या प्यायल्याचं त्याच्या तोंडी घातलेलं वाक्य नंतरच्या जाहिरातवाल्यांचं.

पुढे श्रीमंतांना ते बुडबुडे आवडू लागले आणि शाप हाच धंदा झाला. पण धंदा करणाऱ्यांना अजून एकच गोष्ट माहीत नव्हती : थंडीत थांबलेल्या या वाइनमध्ये साखर किती उरली आहे? ती जिभेवर अंदाजानं ठरवायची आणि बाटल्या भरून रचून ठेवायच्या. अंदाज कमी पडला तर वाइन मचूळ निघायची. जास्त झाला तर तळघरात एक बाटली फुटायची, तिच्या धक्क्यानं शेजारची, आणि मग रांगच्या रांग. एखाद्या वाईट वसंतात मालकाचा निम्म्याहून जास्त माल काचेच्या चुऱ्यात जायचा. तळघरात काम करणारे मजूर तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालून उतरायचे. त्या मुखवट्यांची चित्रं बघितली की तलवारबाज आठवतात. एवढं करूनही हात कापणं, डोळा जाणं हे त्या कामाचा भागच समजलं जायचं. शांपेनच्या इतिहासावरच्या पुस्तकांत राजेरजवाडे, विधवा मालकिणी, रशियन दरबार यांची रेलचेल असते. हे मुखवटेवाले एखाद्या परिच्छेदात येऊन जातात.

यावर उपाय काढला तो शालों गावच्या एका औषधविक्यानं. जाँ-बाप्तिस्त फ्रांस्वा त्याचं नाव. १८३६ मध्ये त्यानं वाइनमधली उरलेली साखर मोजायची पद्धत बसवली आणि ती मोजून मग वरून किती साखर घालावी याचं गणित मांडलं. चवीच्या भरवशावर चाललेलं काम मापावर आलं. फुटणाऱ्या बाटल्यांचं प्रमाण त्यानंतर झपाट्यानं खाली आलं. या माणसाचा पुतळा कुठे असेल तर मला त्याचा फोटो हवाय. डोम पेरिन्योनचा आहे, हे माहीत आहे.

आता बव्हेरियाकडे वळू, कारण मित्राची बिअर तिथल्या जातीची. 'लागर' हा शब्दच मुळी जर्मन भाषेतल्या साठवणुकीच्या शब्दावरून आलाय. उन्हाळ्यात केलेली बिअर आंबट होते, नासते हे तिथल्या लोकांनी बघितलं होतं. म्हणून १५५३ मध्ये ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा यानं फर्मान काढलं की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायची नाही. झालं, उन्हाळाभर लागणारी बिअर मार्चपर्यंत करून ठेवणं आलं. ती टिकवायला तळघरं खणली गेली, हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून त्यांत भरला गेला, आणि वरची जमीन तापू नये म्हणून पसरट पानांची चेस्टनटची झाडं लावली गेली. त्या सावलीत बाकडी टाकून लोक बसायला लागले. म्युनिकच्या प्रसिद्ध बिअरबागांचं मूळ हे. आपण तिथे फोटो काढतो तेव्हा खरं तर एका शीतगृहाच्या छपरावर उभे असतो.

या थंड तळघरांत एक गोष्ट नकळत घडत गेली. जे यीस्ट गारठ्यात पार बंद पडायचं ते मागे पडलं, आणि आठ-दहा अंशांवरही सावकाश काम करणारं यीस्ट वर्षानुवर्षं निवडलं गेलं. त्याच्या कुळाचा उलगडा अगदी अलीकडचा. लागरचं यीस्ट हा संकर आहे; एक पालक नेहमीचं बिअरचं यीस्ट, आणि दुसरा थंडी सोसणारा जंगली भाईबंद, जो २०११ मध्ये अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात बीच जातीच्या झाडांवरच्या गाठींमध्ये सापडला. म्हणजे थंडीत तग धरणं या यीस्टच्या रक्तातच आहे.

तरीही महिनोन् महिने थंडीत ठेवलेली बिअर पिंपातून काढली की बऱ्याचदा निपचित निघायची. बव्हेरियन लोकांनी यावर जी युक्ती काढली ती मला फार आवडते. त्यांनी साखर घातली नाही (१५१६ च्या त्यांच्या कायद्यात पाणी, सातू आणि हॉप्स एवढंच बसत होतं). त्यांनी काय केलं, तर नुकतीच आंबायला लागलेली, फेसानं भरलेली ताजी बिअर घेतली आणि ती साधारण दहा-पंधरा टक्के जुन्या बिअरमध्ये मिसळून पिंपाचं बूच घट्ट ठोकलं. ताज्या बिअरमध्ये साखरही होती आणि तरतरीत यीस्टही. या पद्धतीला ते क्रॉयझन म्हणतात. आपण शिळ्या विरजणाला ताज्या ताकाची जोड देतो त्यातलाच प्रकार. म्हणजे 'लांब साठवणीनंतर बिअर फसफसवायची कशी' हा प्रश्न यीस्ट म्हणजे काय हे कुणालाही ठाऊक नसताना त्यांनी व्यवहारात सोडवला होता.

यीस्ट म्हणजे काय? १८३० च्या दशकापर्यंत बहुतेक रसायनशास्त्रज्ञांच्या लेखी तो निर्जीव गाळ होता. १८३७ च्या सुमारास तीन माणसांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तो सजीव असल्याचं म्हटलं : बर्लिनमध्ये थिओडोर श्वान, फ्रीड्रिख क्युट्झिंग, आणि फ्रान्समध्ये शार्ल कान्यार द ला तूर. यातल्या कान्यारवर माझा जीव जडला. तो मूळचा यंत्रं बनवणारा माणूस, भोंग्यासारखं सायरन नावाचं उपकरण त्यानंच केलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला यीस्टचे गोल कण एकमेकांतून फुटून वाढताना दिसले. तेवढ्यावर न थांबता त्यानं यीस्टला अतोनात थंडीत गारठवून बघितलं, आणि त्याच्या निष्कर्षांत स्पष्ट नोंदवलं की फार कडक थंडीनं यीस्ट मरत नाही, आणि वाळवल्यानंही मरत नाही. माझ्या मित्राच्या प्रश्नाचं हे उत्तर पावणेदोनशे वर्षांपेक्षा जुनं आहे!

या तिघांचं स्वागत कसं झालं? जर्मन रसायनशास्त्राचे त्या वेळचे दोन दिग्गज, लिबिग आणि व्होलर, यांनी १८३९ मध्ये आपल्याच नियतकालिकात निनावी टवाळी छापली. तिच्यात यीस्ट म्हणजे साखर खाणारे बारके प्राणी दाखवलेत, त्यांच्या मागून अल्कोहोल बाहेर पडतं आणि मूत्रमार्गातून कार्बनी वायू. आणि हो, त्यांचं भरलेलं मूत्राशय शांपेनच्या बाटलीच्या आकाराचं असतं! विनोद चांगला आहे, हे कबूल करायला हवं. मात्र अंगावर उलटला. पाश्चरनं पुढची वीस-पंचवीस वर्षं खपून यीस्ट जिवंत असल्याचं, आणि आंबणं हे त्याच्या जगण्याचंच काम असल्याचं पटवून दिलं. १८७६ मध्ये त्याचं बिअरवरचं पुस्तकही आलं. विज्ञानाच्या इतिहासात मोठी माणसं चुकतात हे नवीन नाही, पण सत्तेच्या खुर्चीवर बसून निनावी थट्टा करणं हे मला अजूनही खटकतं.

यीस्टला सजीवासारखं जपणारे बिअरवाले मात्र शास्त्रज्ञांच्या भांडणात पडले नाहीत. डेन्मार्कच्या जे. सी. याकबसेन यांनी १८४५ मध्ये म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यातून लागरचं यीस्ट आणलं. तेव्हा म्युनिक ते कोपनहेगन हा प्रवास घोडागाडीचा आणि कित्येक दिवसांचा. पत्र्याच्या डब्यांतलं यीस्ट हॅट ठेवायच्या पेटीत घालून, वाटेत जिथे गाडी थांबेल तिथे उतरून त्यावर गार पाणी ओतत त्यांनी ते नेलं, असं सांगतात. लहान मुलाला तापात पट्ट्या ठेवत न्यावं तसं. थंड ठेवलं तर ते झोपून राहील आणि वाटेत स्वतःला खाऊन संपणार नाही, एवढी समज त्यांना अनुभवानं होती. त्यांच्याच कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत १८८३ मध्ये एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवायची पद्धत सिद्ध केली. आणि कंपनीनं ते यीस्ट लपवून न ठेवता इतरांनाही देऊन टाकलं. आजच्या पेटंटच्या दिवसांत हे वाचून बरं वाटतं.

यानंतरचा भाग पटकन सांगून टाकतो, कारण त्यात कारखाने मोठे होतात आणि गोष्ट कंटाळवाणी होते. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेची शीतयंत्रं आली, तळ्यावरचा बर्फ कापणं संपलं. १८७८ मध्ये एन्झिंगरनं बिअर गाळायचं यंत्र काढलं. पाश्चरच्या नावाची तापवायची पद्धत बाटल्यांना लागू झाली. १८९२ मध्ये पेंटरनं पत्र्याच्या झाकणाचं पेटंट घेतलं. आता यीस्ट गाळून टाकायचं, वायू नळीनं भरायचा, झाकण दाबायचं. आपल्याकडच्या सोड्याच्या कारखान्यात जे होतं तेच. (सोड्याचा जनक जोसेफ प्रीस्टली, त्याला हा वायू पहिल्यांदा मुबलक मिळाला तो १७६७ मध्ये लीड्स गावी, शेजारच्या बिअरच्या कारखान्यातल्या पिंपांवर. म्हणजे बिअरकडून सोड्यानं घेतलं आणि शंभर वर्षांनी बिअरनं सोड्याकडून परत घेतलं.) बाटली फुटायची भीती गेली. यीस्ट उठेल की नाही ही धाकधूकही गेली, कारण उठायला यीस्टच शिल्लक राहिलं नाही.

हा प्रश्न पुन्हा जिवंत केला तो घरी बिअर करणाऱ्यांनी. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरच्या बिअरलाही परवाना लागे, तो १९६३ मध्ये अर्थमंत्री मॉडलिंग यांनी काढून टाकला. अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये उठली तेव्हा घरच्या वाइनला सूट मिळाली, बिअरला मिळाली नाही. ती जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्यानं मिळाली. घरात गाळायची यंत्रं नाहीत, वायूच्या टाक्या सगळ्यांकडे नाहीत. एक बादली, थोड्या बाटल्या आणि साखर. त्यामुळे शांपेनच्या मजुराचा आणि बव्हेरियन तळघरवाल्याचा प्रश्न थेट स्वयंपाकघरातल्या फ्रिजपाशी येऊन उभा राहिला.

तर मित्राला काय सांगितलं ते सांगतो, कारण त्यात इतिहासातले दोन्ही धडे आहेत.

पहिलं, यीस्ट मेलेलं नाही. थंडी लागली की ते आपल्या पेशीत ग्लायकोजेन आणि ट्रेहॅलोज या साठवणीच्या साखरा धरून ठेवतं, एकमेकांना चिकटतं आणि तळाशी बसतं. बिअर डोळ्याला नितळ दिसली तरी तिच्या दर मिलिलिटरमध्ये हजारो, कधी लाखभर पेशी तरंगत असतात. बाटलीतली चिमूटभर साखर फस्त करायला तेवढ्या पुरतात, फक्त वेळ जास्त लागतो. मात्र साठवणीतला शिधा महिन्यागणिक कमी होत जातो, म्हणून चार महिन्यांनंतर चिमूटभर ताजं यीस्ट सोबत घालणं शहाणपणाचं, क्रॉयझनवाल्यांनी केलं तसं. मग बाटल्या वीस अंशांच्या आसपास दोन-तीन आठवडे ठेवायच्या. फ्रिजमध्ये ठेवून वाट बघत बसलं तर काही होणार नाही.

दुसरं, साखर किती घालायची. इथे एक फसवी जागा आहे. थंड द्रवात वायू जास्त विरघळतो, हे विल्यम हेन्रीच्या काळापासून, म्हणजे १८०३ च्या सुमारापासून माहीत आहे. शून्य अंशाला एक लिटर बिअर सुमारे १.७ लिटर वायू धरू शकते, वीस अंशाला जेमतेम ०.९. घरगुती तक्ते विचारतात, बिअरचं तापमान किती? मित्राची बिअर शून्याला होती. शून्य लिहिलं की तक्ता म्हणतो, हिच्यात आधीच भरपूर वायू आहे, वीस लिटरला साठ ग्रॅम साखर पुरे. पण त्यानं आंबवणी संपताना लोण्याचा वास जावा म्हणून बिअर चार दिवस अठरा अंशांवर ठेवली होती. तेव्हाच जादाचा वायू उडून गेला. नंतर नुसतं गार केल्यानं तो परत कुठून येणार? धरण्याची जागा वाढली, धरायला काही आलं नाही. म्हणून गणित अठरा अंशांचं करायचं, आणि साखर दुप्पट, साधारण एकशे वीस ग्रॅम.

हे सांगितल्यावर त्याला मी एकच उलटा प्रश्न विचारला : थंडीत ठेवण्याआधी आंबणं खरोखर संपलं होतं, की गारठ्यानं थांबलं होतं? कारण थांबलं असेल तर प्रत्येक लिटरमध्ये दहा ग्रॅम साखर न खाल्लेली राहिली असेल, ती बाटलीत, उबेत, ताज्या यीस्टसोबत खाल्ली जाईल, आणि ठरवलेल्याच्या दुप्पट वायू तयार होईल. साध्या बिअरच्या बाटलीला ते पेलत नाही. शांपेनच्या जाड बाटलीत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो, ती त्यासाठीच घडवलेली असते. त्यानं सुदैवानं अठरा अंशांवर असताना सलग तीन दिवस हायड्रोमीटरनं मोजून ठेवलं होतं, आकडा हलला नव्हता. फ्रिजमधल्या बिअरचा न हलणारा आकडा काहीच सांगत नाही. फ्रांस्वाच्या आधीचे लोक नेमक्या त्याच आकड्यावर विसंबून राहिले होते, त्यांना तो जिभेवर लागायचा इतकंच.

यीस्ट किती काळ असं झोपून राहू शकतं? कोलकात्याहून सिडनीला निघालेलं 'सिडनी कोव्ह' जहाज १७९७ मध्ये टास्मानियाजवळ रुतलं. त्याच्या अवशेषांत दारूच्या बाटल्या मिळाल्या आणि त्यांतल्या यीस्टपासून नवी बिअर केल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. तिथलं समुद्राचं पाणी थंड आहे. शंका घ्यायला जागा आहे, कारण बाहेरचं यीस्ट आत शिरणं अशक्य नसतं. पण दुसरं उदाहरण जास्त भक्कम वाटतं. कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या जुन्या तळघरात १८८३ च्या काळातली, म्हणजे हान्सेनच्या शुद्ध यीस्टच्या पहिल्या दिवसांतली बिअरची बाटली मिळाली. तिच्या तळाच्या साक्यात तिथल्या शास्त्रज्ञांना जिवंत पेशी सापडल्या. त्यांनी त्या वाढवल्या, जुन्या नोंदी बघून तसाच माल्ट तयार केला, लाकडी पिंपं बनवून घेतली, आणि २०१६ मध्ये ती बिअर पुन्हा करून पाहुण्यांना पाजली. एकशे तीस वर्षांनी.